बाटली न लावणाऱ्या बाई

थांबा, हे आत्ताच सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. आमच्या शेजारच्या वसुधाबाई तुम्हाला भेटल्या ना, तर नमस्काराच्या आधी तुमचं बोट धरतील, नख दाबून सोडतील आणि पुटपुटतील, "एक सुपारी, दोन सुपारी." तेवढ्यात नख परत गुलाबी झालं, म्हणजे रक्त नीट फिरतंय, तर तुम्ही पास. आमचा पोस्टमन पास झालाय. मासळीवाल्या काकू कायम नापास, कारण त्यांचे हात बर्फात.

बाई लहान मुलांच्या डॉक्टर. आणि आमच्या श्रीवर्धनात कुणाला जरा गळल्यासारखं झालं की सलाईनची बाटली हवीच. बाटली लटकली की पेशंट खूश, बघायला आलेले खूश. बाई मात्र भडकतात. "मिठाचं पाणी आहे ते, तीर्थ नव्हे." यावरून अर्ध्या गावाशी त्यांचं वाकडं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याशी होईल.

मागच्या महिन्यात माझी ताई गावातल्या दवाखान्यात बाळंत झाली. जन्मताना बाळाचंच रक्त गेलं. पोर पांढरंफटक, पाय गार. बाईंनी सिरिंजने इवलंसं सलाईन हळूहळू दिलं आणि थांबल्या. रक्ताची पिशवी घेऊन गाडी निघाली होती, पण पोचायची होती.

आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, धीर कुठला? "बाई, थांबलात कशाला? अख्खी बाटली सोडा. नातू हाय माझा."

"न्हाय सोडणार."

"पाण्याला काय तोटा हाय?"

"अप्पा, ओहोटीला होड्या गाळात रुततात ना?"

"व्हय."

"म्हणून तरंगण्यापुरतं पाणी दिलं. आता भरती आणली तर होड्या वाढतील?"

अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"ऑक्सिजन रक्ताच्या होडीतनं जातो. होड्याच कमी पडल्यात. नुसतं पाणी ओतलं तर आहे ते रक्तही पातळ होईल, छातीत पाणी साठेल, एवढंसं काळीज दमेल. होड्या मागवल्यात मी. येतायत."

आमची आत्या फणकारली, "दुसरा डॉक्टर बोलवा."

"बोलवा की. त्यालाही हेच ऐकवीन," म्हणत बाई कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या. त्यांना ओलांडून आत जायची कुणाची टाप नव्हती.

गाडी आली. रक्त थेंब थेंब जायला लागलं. आधी ओठांवर रंग आला, मग कानांच्या पाळ्यांवर, आणि मग पोराने असं काही भोकाड पसरलं की आत्या रडायलाच लागली. अप्पा म्हणाले, "बघा, शेवटी लाल बाटली लावलीच ना."

आणि बाई भांडल्याच नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं. नर्सला बाळाजवळ बसवून त्या बाहेर गेल्या, मी मागोमाग. मागच्या पायरीवर बसल्या होत्या. हातातला चहा साडीवर सांडला होता, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाटली लावून पोर गेलं असतं तर कुणी काही बोललं नसतं," त्या म्हणाल्या. "न लावता गेलं असतं तर?"

"पण तुमचंच बरोबर होतं ना."

"ते होड्यांचं अप्पांना नव्हते गं सांगत. स्वतःलाच सांगत होते."

मी कप काढून घेतला. त्या म्हणाल्या, "बस जरा. घरी गेलं की हे सगळं भिंतींनाच सांगायचं असतं."

मग बसले.

तुमच्याकडे आहे का असं कुणी, सगळ्या गावाला शिंगावर घेणारं? त्यांच्या शेजारी पायरीवर कधी बसलायत तुम्ही?