घाटमाथ्याचे गाडीचा ब्रेक बसला त्याची हकीकत

श्रीघाटाई प्रसन्न. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पक्षीं घाटमाथ्याचे राज्यांत जो प्रसंग गुदरला तो जैसा कानीं आला तैसा लिहितों. मध्यें कोणी खोकूं नये. राज्य म्हणावें तर तीन वाड्या, आणि राज्याचा वसूल म्हणावा तर दूध. तें दूध नित्य सकाळीं पिकअप गाडींत घालोन घाटाखालीं शहरास रवाना व्हावें ऐसा शिरस्ता. गाडीचे धनी श्रीमंत. त्यांचें नांव घेण्याची आमची छाती नाहीं. गाडीचा सारथी भानजी गवस, हाडाचा भला आणि स्वभावाचा काळजीखोर. त्याची कन्या तुळजा बाळंतपणास माहेरीं आली होती, ती तान्हें घेऊन त्याच गाडीनें सासुरीं जावयाची, आणि विहीणबाईंनीं मुहूर्त धरिला तो उद्यांचा. ऐशियांत भानजी दूध घेऊन घाट उतरत असतां देवळाचे वळणावर त्यानें ब्रेकावर पाय ठेविला, तों पाय खालीं खालीं जाऊन फळीस टेकला आणि गाडी आपले मर्जीनें चालिली. मग त्यानें पुन्हा दाबिला, पुन्हा दाबिला, आणि घाटाई पावली म्हणोन गाडी कठड्यापाशीं येऊन उभी राहिली. भानजीनें शेजारचे बाकाकडे पाहिलें, आणि उद्यां तेथें मांडीवर लेकरूं घेऊन तुळजा बसेल हें मनांत येतांच त्यानें हातब्रेकही ओढोन ठेविला.

मग पहिले गिअरांत रांगत रांगत दूध पोंचविलें आणि तैसाच माघारा येऊन त्यानें कासम मिस्त्रीस बोलाविलें. कासम राज्याचा एकुलता एक मिस्त्री, हात चालण्याआधीं तोंड चालावें ऐसी त्याची ख्याती. तो हंसोन बोलिला, "भानजीभाऊ, ब्रेकाचे लायनर झिजले असतील, दुसरें काय? चहा सांगा, चहा होईतों काम फत्ते." मग चाकें उतरविलीं, तों लायनर चांगले जाडजूड. मग म्हणाला, "ब्रेकाचे नळींत हवा शिरली." मग भानजी आंत बसोन ब्रेक दाबीत राहिला, आणि कासम गाडीखालीं निजोन "दाब! धर! सोड!" ऐसा ओरडत राहिला, आणि चाकापाशींची चावी सैल करोन बुडबुडे काढिले, आणि ब्रेक कडक लागला. दोघांस हर्ष जाहला. मग अंगणाचे बाहेर एक फेरी मारिली, तों पाय पुन्हा फळीस! वर चाक ऐसें तापलें कीं कासमनें हात लाविला आणि "या अल्ला!" म्हणोन मागें घेतला. मग कासम गप्प जाहला. कासम गप्प बसतो हें पाहून भानजी पुरता घाबरला.

मग भानजीनें ब्रेक ऑइलची डबी उघडली, तों झांकणाचें रबर फुगोन पुरीसारखें जाहलेलें, आणि आंत बोट घातलें तों काळें, दाट. कासमनें हुंगोन डोकीस हात लाविला. "अरे, हें तर इंजिनाचें ऑइल! हें येथें ओतलें कोणीं? ह्यानें आंतलें एकूणएक रबर फुगलें. तें धड दाब धरीत नाहीं, धड चाक सोडीत नाहीं." कोणीं ओतलें हें भानजीस ठाऊक होतें. त्या राज्याची चाल ऐसी कीं, खंडेनवमीस गाडीची पूजा करणें तर गाडींतील एकही भांडें अपुरें ठेवूं नये, आणि भरावयाचा मान धन्याचा. श्रीमंतांनीं स्वहस्तें पाणी भरिलें, इंजिनांत ऑइल भरिलें, आणि ही डबी बोटभर उणी दिसली म्हणोन त्याच कॅनानें तीही भरिली. भानजी आरतीचें तबक धरोन शेजारीं उभा होता. पाहत होता, आणि धन्याचा हात कोणीं धरावा म्हणोन उगा राहिला. कासम बोलिला, "वरचा सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सारीं रबरें नवीं. नळ्या धुवाव्या लागतील. माल शहराहून यावयाचा. उद्यां गाडी हलत नाहीं."

मग भानजी श्रीमंतांकडे गेला. श्रीमंत झोंपाळ्यावर सुपारी कातरीत होते. वर्तमान ऐकोन त्यांची भिवई चढली. "आम्हीं पूजा केलेली गाडी बिघडली, आणि आमच्याच हातानें? तुझ्या व्याह्यांस उद्यांचे गाडीचा शब्द आम्हीं दिला आहे. ब्रेक दोनदां दाब, लागेल. चाकरी नको झाली काय?"

चाकरी गेली तर चूल विझते. आणि न बोलावें तर देवळाचें वळण. मग भानजीनें किल्ली काढोन झोंपाळ्यावर ठेविली. "धनी, ते दिवशीं मीं तोंड उघडलें नाहीं, ही माझी चूक. आज उघडतों. माझी लेक ह्या गाडींत बसणार नाहीं, आणि मीही बसणार नाहीं. दुसरा ड्रायव्हर पाहा."

श्रीमंत तैसेच उठले, आणि अनवाणी गाडीपाशीं गेले, आणि आंत बसोन स्वतां पाय ठेविला. पाय खालीं गेला. पुन्हा ठेविला. मग उतरोन अगदीं हळू पुसिलें, "भानजी, दसऱ्यापासोन रोज तूं ह्यावर घाट उतरत होतास?" भानजी बोलिला, "होय जी." मग श्रीमंतांनीं किल्ली त्याचे हातीं दिली आणि विहीणबाईंस फोन स्वतांच लाविला, आणि मुहूर्त मोडल्याबद्दल ज्या शिव्या खावयाच्या त्याही स्वतांच खाल्ल्या.

मग माल आला, आणि कासमनें सारें खोलिलें, धुतलें, बसविलें, नवें ब्रेक ऑइल भरिलें, आणि भानजीनें रिकामी गाडी घाटांत इतके वेळां वरखालीं केली कीं श्रीमंत डिझेलासाठीं कळवळले. मग तुळजा निघाली. भानजी मुंगीचे चालीनें उतरूं लागला. तुळजा वैतागोन बोलिली, "आबा, असेच गेलों तर ह्याला गाडींतच दांत येतील!" देवळाचें वळण आलें. भानजीनें ब्रेकावर पाय ठेविला, आणि गाडी जेथें हवी तेथें उभी राहिली. पाठीमागोन एक एसटी भोंपू वाजवीत राहिली, तरी भानजी हलेना. तुळजेनें विचारिलें, "काय झालें, आबा?" तो बोलिला, "कांहीं नाहीं, बाई. बाळाचें टोपरें सारखें कर."

येणेंप्रमाणें ब्रेकाचें वर्तमान. गाडी दुरुस्त जाहली, लेक नातवासह सुखरूप पोंचली, श्रीमंतांची अब्रू थोडकी गेली आणि बहुत राहिली. मग भानजी एकटाच घाट चढोन माघारा आला. चढणीस ब्रेकाचें काय काम? तरी दर वळणास शेजारचे रिकामे बाकाकडे पाहून त्यानें तो दाबून पाहिला, ऐसें एसटीवाले सांगतात.