पक्कं कुणी केलं?

"जगात आजवर जेवढी लग्नं फसली, त्यातली निम्मी नवरा-नवरीमुळे फसलेली नाहीत. फोटोवाले, फुलवाले आणि जेवणवाले यांना आधी पुरेसे प्रश्न न विचारल्यामुळे फसली," असं तपासनीसांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"आणि उरलेली निम्मी?" बायकोनं विचारलं.

"त्यांची आकडेवारी उपलब्ध नाही."

"बरं. बनियन उलटा घातलाय तुम्ही."

तपासनीसांनी बनियन सुलटा केला, मत मात्र तसंच ठेवलं. अडतीस वर्षं ते वजनकाट्यांचे सरकारी तपासनीस होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, दुकानदाराला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारायचे, शेरा लिहायचा आणि फाइल वर पाठवायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अंगात प्रश्न शिल्लक होते. दुकानदार तेवढे संपले होते. अशात मुलीचं लग्न ठरलं. हॉल मुलाकडच्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. जेवण, फोटो आणि फुलं यांचं बघायचं काम इकडे आलं. हातात चार महिने होते. तपासनीस दहा वर्षांनी तरुण झाले.

त्यांनी चौऱ्याऐंशी प्रश्नांची यादी केली, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि दर रविवारी पुढच्या खोलीत मुलाखती सुरू केल्या. समोरच्या माणसाची खुर्ची त्यांनी खिडकीकडे तोंड करून मांडली, म्हणजे उजेड तोंडावर पडतो आणि खोटं बोलताना डोळे मिचमिचतात.

"ऐन वेळी कॅमेरा बंद पडला तर?" त्यांनी पहिल्या फोटोग्राफरला विचारलं.

"दुसरा असतो जवळ."

"दुसराही पडला तर?"

"माझा भाऊ घेऊन येतो तिसरा."

"आणि भाऊ पडला तर?"

फोटोग्राफरनं जरा विचार केला. "मग मी त्याला आधी दवाखान्यात नेईन, साहेब."

तपासनीसांनी 'उत्तर प्रामाणिक' असं लिहून 'समाधानकारक' हा शेरा मारला आणि "पास झालात, कळवतो" म्हणून त्याला दारापर्यंत सोडलं. फुलवाल्याला त्यांनी फुलं ताजी कशावरून, असं विचारलं. तो म्हणाला, "वास घ्या." वास हा पुरावा होत नाही, हे त्याला समजावण्यात पाऊण तास गेला, पण तोही पास झाला. एका जेवणवाल्यानं चवीसाठी डबा आणला, तर तपासनीसांनी झाकण उघडण्याआधी तो वजनासाठी ताणकाट्याला लटकवला. घरातल्यांना चव कळली ती दुसऱ्या दिवशी, गरम करून.

सगळेच काही पास झाले नाहीत. एक फोटोग्राफर चौऱ्याऐंशी प्रश्नांना मिळून सात शब्द बोलला. त्याच्यापुढे 'असमाधानकारक. बोलका नाही' असा शेरा पडला. आणि जेवणाची कामं घेणाऱ्या एक बाई तर अकराव्या प्रश्नालाच उठल्या.

"जेवण कमी पडलं तर?" असा तो प्रश्न होता.

"पडत नाही."

"पडत नाही हे उत्तर नव्हे, बाई. ही इच्छा झाली."

"मग इच्छा समजा. मी गॅसवर भांडं ठेवून आलेय, निघते."

'असमाधानकारक,' तपासनीसांनी लिहिलं. 'उभं राहून बोलतात.'

दोन महिन्यांत तेवीस जणांची छाननी झाली. तपासनीसांनी फाइलला दोरी बांधली, शेवटच्या पानावर 'पुढील निर्णयार्थ सादर' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ती फ्रिजवर ठेवली, कारण बायकोच्या लक्षात यायच्या वस्तू त्या घरात फ्रिजवर ठेवत. बायकोनं ती पाहिली. नवऱ्यानं एवढे कष्ट घेऊन एक काम तडीस नेलं याचं तिला कौतुक वाटलं आणि तिनं फाइल कपाटात, निवृत्तीच्या वेळच्या मानपत्राखाली जपून ठेवली.

लग्न रविवारी होतं. आधीच्या सोमवारी सकाळी मुलीनं पास झालेल्या पहिल्या फोटोग्राफरला फोन लावला. मैत्रिणींचा एक वेगळा फोटो हवा, एवढंच तिला सांगायचं होतं. ती बोलणं अर्धवट टाकून, फोन हातात धरून पुढच्या खोलीत आली.

"बाबा, तो म्हणतोय, रविवारी मी दुसऱ्या लग्नात आहे."

"असं कसं? तो तर पास आहे."

"पास आहे, पण तुम्ही त्याला पक्कं केलं होतंत ना?"

"मी त्याला योग्य ठरवलं."

बायको हात पुसत बाहेर आली. "योग्य ठरवलं म्हणजे? या, म्हणून सांगितलंत की नाही?"

"ते माझं काम नव्हे. तपासणी माझी, मंजुरी वरून येते."

"वरून म्हणजे कुठून?"

अडतीस वर्षांत तपासनीसांना हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"मी?" बायको म्हणाली. "अहो, मला वाटलं सगळं ठरवून झालं! दोन महिने लोकांना सांगत फिरतेय, आमच्या ह्यांनी एकेकाला पारखून घेतलाय म्हणून!"

"पारखलंयच की."

"आई, बाबा, रविवारी दोनशे माणसं येणार आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांना काय, फाइल वाढायची?"

कपाटातून फाइल निघाली. तपासनीस एकेका 'समाधानकारक'ला फोन लावू लागले आणि एकेक जण आदरानं नकार देऊ लागला. कारण सगळ्यांचं एकच होतं. ते फुलवाल्यानं उलगडून सांगितलं. "साहेब, तुमच्याकडे पास झालो म्हटलं की गिऱ्हाईक पुढं काही विचारतच नाही. पुढचे सहा महिने आपण भरलेले आहोत. फार उपकार झाले तुमचे."

म्हणजे गावातली चांगली माणसं तपासनीसांनीच शोधून, तावून सुलाखून लोकांना वाटून टाकली होती. आता मोकळे होते ते फक्त नापास झालेले.

"लावा त्यांनाच फोन," बायको म्हणाली.

"ज्याच्यावर मी स्वतः प्रतिकूल शेरा मारलाय, त्याला?"

"त्याला कुठं माहितीये शेरा? लावा."

न बोलणारा फोटोग्राफर "येतो" म्हणाला. त्याचा हा आठवा शब्द. एका नापास फुलवाल्यानंही होकार दिला. राहिलं जेवण. तपासनीसांनी घसा साफ केला आणि अकराव्या प्रश्नाला उठून गेलेल्या बाईंना फोन लावला.

"आठवलं," बाई म्हणाल्या. "इच्छावाले साहेब. बोला."

तपासनीस बोलले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता मी विचारते. माणसं किती?"

"अंदाजे दोनशे."

"अंदाजे? वजनकाटे तपासायचात ना तुम्ही?"

तपासनीसांच्या कपाळावर घाम आला. त्यांना तो ओळखीचा वाटला. इतकी वर्षं तो त्यांनी समोरच्यांच्या कपाळावर पाहिला होता.

"लहान मुलं किती? म्हातारी माणसं किती? हॉलच्या स्वयंपाकघरात पाणी दिवसभर असतं का? मागच्या दारापर्यंत माझा टेम्पो येतो का? भाषणं आहेत? कोण करणार? तुम्ही? किती वेळ?"

एकाही प्रश्नाचं उत्तर तपासनीसांना धड येईना. हॉल मुलाकडच्यांनी घेतलेला असल्यामुळे तो त्यांच्या कार्यकक्षेत येत नव्हता. फक्त शेवटच्या प्रश्नाला ते "वीस मिनिटं" म्हणाले.

"पाच," बाई म्हणाल्या. "नाहीतर अन्न गार होतं. आणि मुलीला काय आवडतं खायला?"

तपासनीसांनी फाइल चाळली. हे त्यात कुठंच नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवून मुलीला विचारलं, "तुला काय आवडतं गं खायला?"

मुलीनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. "काहीही चालेल. पण गरम. तुम्ही काट्यावर लावत बसल्यामुळे लहानपणापासून गारच खात आलेय मी."

"गरम," तपासनीसांनी फोनमध्ये कळवलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "कळवते."

आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस तपासनीस फोनपाशी बसून होते. 'कळवते' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे त्यांनी बायकोला सहा वेळा विचारलं. मंगळवारी त्यांनी स्वतः हॉलवर जाऊन नळ सोडून पाहिला, मागच्या दाराची रुंदी मोजली आणि पाहुण्यांच्या घरी फोन करून मुलांची वयं विचारली. एका आजोबांना स्वतःचं वय सांगायला पंचवीस मिनिटं लागली. तपासनीसांनी ती ऐकून घेतली. बुधवारी संध्याकाळी फोन वाजला.

"येते मी," बाई म्हणाल्या. "अट एकच. तुम्ही स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

"मंजूर," तपासनीस म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारला होता.

रविवारी दोनशे सोळा माणसं आली आणि जेवली. जेवणातून वाफ निघत होती. मुलगी दोनदा वाढून घेताना तपासनीसांनी लांबून पाहिली. न बोलणाऱ्या फोटोग्राफरनं कुणालाही 'हसा' म्हटलं नाही, त्यामुळे सगळे आपापल्या चेहऱ्यानं फोटोत आले. भाषण साडेचार मिनिटांत संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या याच गोष्टीसाठी, असं मेहुण्याचं मत पडलं.

हॉल रिकामा झाल्यावर तपासनीस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. उंबरठ्याच्या बाहेर, ठरल्याप्रमाणे. भाषणातली कापलेली साडेपंधरा मिनिटं त्यांच्या खिशात तशीच होती. आतून बाई एक मोठं पातेलं दोन्ही हातांनी कवटाळून येत होत्या. तपासनीसांनी कोट नीट केला.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या अडतीस वर्षांच्या सेवेत मी असंख्य माणसं पारखली. परंतु आज, या प्रसंगी, मला अत्यंत नम्रपणे असं नमूद करावंसं वाटतं की—"

"साहेब," बाई म्हणाल्या, "तेवढं दार धरता का जरा?"