तेलाचे मतदार किती?

दिव्याचे उपयोग दोन. एक, आपल्याला दिसावं. दुसरा, आपण दिसावं. पहिला उपयोग किरकोळ आहे, रात्री ओलिताला जाणाऱ्यांचं टॉर्चवर भागतं. सार्वजनिक जीवन चालतं ते दुसऱ्यावर. म्हणून फुलसावंगीच्या सदाशिवरावांनी जुनी जीप घेऊन पुसदला जहीर मिस्त्रीच्या गॅरेजात मॉडिफाय करायला टाकली, तेव्हा इंजिनाचा विषय त्यांनी एका चहात संपवला ("टाक तुले बरं वाटन ते") आणि डॅशबोर्डावरच्या दिव्यांचा खल पोळ्यापासून दिवाळीपर्यंत केला.

यात उथळपणा मुळीच नव्हता. सदाशिवरावांना जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं, आणि मागच्या खेपेला ते रंगापायीच गेलं होतं. सकाळी ज्या रंगाचा दुपट्टा गळ्यात घालून ते मुलाखतीला निघाले, तो रंग ते यवतमाळला पोहोचेस्तोवर विरोधकांचा झाला होता. (नेते तेच होते, खुर्च्याही त्याच, मधल्या वेळात फक्त युती बदलली होती.) सारा हॉल हसला. ते हसू सदाशिवरावांच्या कानातून अजून निघालं नव्हतं. यंदा पक्षाचे जिल्ह्याचे साहेब स्वतः त्यांच्या जीपमध्ये बसून फुलसावंगीच्या सभेला येणार होते. आता शेजारी बसलेल्या माणसानं वाटभर पाहायचं काय? रस्ता पाहवत नाही. राहिला डॅशबोर्ड.

शिवाय चहाच्या टपरीवर झालेल्या पाहणीनुसार, उभ्या गाडीत डोकावणाऱ्या शंभरातले नव्वद लोक आधी दिवेच पाहतात. उरलेले दहा हॉर्न वाजवून पाहतात. इंजिनाबद्दल विचारणारा एकही सापडला नाही.

जहीरनं दिव्यांचा डबा उघडला. अप्परचा निळा, इंडिकेटरचा हिरवा, इंजिनात बिघाड दाखवणारा नारिंगी. सदाशिवरावांना घाम फुटला. तिन्ही रंगांना आधीच मालक होते, आणि त्यातल्या दोघांचं सध्या बोलणं बंद होतं. वळणावर हिरवा लुकलुकला आणि साहेबांनी पाहिलं तर? अप्पर मारला की निळा, म्हणजे समोरून ट्रक आला तरी पक्षांतर. उरला लाल.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही भाऊ," जहीर म्हणाला. "तेलाचा. इंजिनातलं तेल सरलं का लागते."

"तेलाचे मतदार किती?"

जहीर धंद्यात इतकी वर्षं टिकला तो उगाच नाही. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, तेही खरं आहे.

रंग निपटले तर चित्रं निघाली. तेलाच्या दिव्यावरचं चित्र किटलीसारखं दिसे, आणि मारेगावकडे कोणी एक अपक्ष किटलीवर उभा राहिला होता. बॅटरीच्या चित्रात अधिक आणि उणे दोन्ही होतं. उणे कायले, असा रास्त प्रश्न आला. हँडब्रेकच्या दिव्यात तर उद्गारचिन्हच होतं, म्हणजे गाडीनं मालकावर ओरडणं झालं. सगळी चित्रं खरवडून काढण्यात आली.

शेवटी जुन्या दिव्यांच्या जागी, त्यांच्याच तारांवर, गणपतीच्या मखराला लावतात तसले, रिमोटवर रंग बदलणारे दिवे बसले. एक बटण दाबलं की सगळे एका रंगाचे. युती बदलली, पुन्हा बटण. योजना इतकी निर्दोष होती की दोष काढायला घरचंच माणूस लागलं. त्यांच्या पत्नी विमलताई गाडीत बसल्या, दिवे पाहिले आणि म्हणाल्या, "सारे एकसारखेच. गाडी बिघडली हे कसं समजन?"

"बिघडन कायले?" सदाशिवराव म्हणाले.

विमलताई खाली उतरल्या. सभेला आपण एसटीनं येऊ, असं त्यांनी त्याच वेळी सांगून टाकलं.

सभेच्या सकाळी युतीची फोनवर दोनदा खात्री करून बटण दाबण्यात आलं. साहेब बसले. पुसद मागं पडलं आणि डॅशबोर्डावर एक दिवा लागला. "वा," साहेब म्हणाले, "आपला रंग." सदाशिवरावांचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं दुसरा लागला, मग तिसरा, आणि साहेबांची मान डोलायला लागली. मधेच इंजिनातून खडखड सुरू झाली, ती मागच्या कार्यकर्त्यांनी घोषणांनी भरून काढली. सदाशिवरावांना ती ऐकू येत होती. पण सगळे दिवे आपल्या रंगात लागलेले असताना गाडी थांबवून बोनेट उघडायचं, म्हणजे पक्षावर अविश्वास दाखवणं झालं. त्यांनी ॲक्सिलेटर दाबला.

गावाच्या अलीकडे जीपनं एक आचका दिला आणि इंजिन जाम झालं. दिवे मात्र सगळे चालू होते. (दिव्यांना इंजिन लागत नाही, बॅटरी पुरते. हे शाळेत राज्यशास्त्राच्या तासाला सांगायला पाहिजे.)

सदाशिवरावांच्या कानात ते यवतमाळचं हसू पुन्हा सुरू झालं. गेलं तिकीट. साहेबांकडे पाहायची हिंमत होईना. तेवढ्यात स्वागताला वेशीवर जमलेला गाव धावत आला. काय झालं, कशानं झालं, हे कोणी विचारलं नाही. बंद गाडीला धक्का मारायचा असतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. न्यूट्रलवर टाकलेली जीप गुलालात, घोषणांत, सगळ्या दिव्यांसह थेट मंडपात आली.

साहेब कानाशी वाकून म्हणाले, "चालत्या गाडीमागं कोणीही पळते, सदाशिवराव. तुमची तर बंद गाडी लोक ढकलून राह्यले. अजून काय पाह्यजे?"

तिकीट व्यासपीठावरच जाहीर झालं. एसटीनं वेळेवर पोहोचलेल्या विमलताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आवाजात काही कमी पडलं नाही.

सदाशिवराव भरघोस मतांनी निवडून आले. जीपचं इंजिन अजून तसंच जाम आहे. दुरुस्तीची गरजच पडली नाही. ती रोज बाहेर निघते, दिवे त्या त्या आठवड्याच्या रंगात लागतात आणि मागं ढकलायला माणसं कमी पडत नाहीत. कोण असतील ही येडी माणसं, म्हणून तुम्ही हसून राह्यले असाल. हसा. फक्त एकदा आपल्या डाव्या हाताचं पहिलं बोट पाहून घ्या. ढकलताना लागलेला काळा डाग नखापाशी अजून असेल. काही लोक त्याला मतदानाची शाई म्हणतात.