लार्कमबाईंचा केक आणि सात फुटी रस्ता

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे हे त्याच्या रस्त्यांच्या रुंदीवरून ठरतं. रस्ता जितका अरुंद, तितकी संस्कृती जास्त. या हिशेबाने आमचं नेदर थ्रॉपली जगात बरंच वर लागावं, कारण गावात येणारा एकमेव रस्ता सात फूट दोन इंच रुंद आहे (कुंपणाची झुडपं छाटल्यावर. छाटण्याचा ठराव नऊ वर्षं पडून आहे, झुडपांत पाखरांची घरटी आहेत आणि त्यांना 'उठा' म्हणायला कोणी धजत नाही).

मी इथल्या ग्रामसमितीचा चिटणीस, ऑस्वल्ड टिमिन्स. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी जे घडलं त्याची ही अधिकृत नोंद आहे. तीत कोणालाही दोष दिलेला नाही. मला तर नाहीच नाही.

उन्हाळा आला की शहरातली माणसं गाडी घेऊन आमच्या भागात निवांत फिरायला येतात. या निवांतपणाचं वेळापत्रक असतं. लेस्टरहून आलेल्या पेटिफर नवरा-बायकोकडे ते टाइप केलेलं होतं: एका दिवसात अकरा गावं, दर गावाला बावीस मिनिटं, पैकी सहा मिनिटं 'नुसतं बसणे'. गेल्या उन्हाळ्यात अशा दोनशे बारा गाड्या आल्या. त्यांतल्या दोनशे नऊ रस्ता चुकून आल्या, पण आल्यावर सगळ्यांनी 'अगदी हेच गाव शोधत होतो' असं सांगितलं. उरलेल्या तीन अजून इथेच आहेत. त्यांच्या मालकांना गाडी मागे घेता येत नाही.

गाडी मागे घेणं हा आमच्याकडे सभ्यतेचा पाया समजला जातो. समोरून गाडी आली की दोघांनीही मागे जायला निघायचं. वाट देण्यासाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या रुंद जागेत जो आधी शिरेल तो सभ्य. दुसऱ्याने जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. पूर्ण हात हलवला तर माणूस शहरातला ठरतो, आणि दोन बोटं उचलली तर त्याचा अर्थ भलताच होतो. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली एका गृहस्थाने बोट उचललंच नाही. ते घर विकून गेले, पुढे वारलेही, पण त्या घराला आम्ही अजून 'त्या माणसाचं घर' म्हणतो.

तर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, मी लार्कमबाईंना माझ्या गाडीतून गावच्या हॉलकडे नेत होतो. बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. गावच्या शाळेत त्यांनी मला पाढे आणि सभ्यपणा शिकवला. पाढे मी विसरलो. त्यांच्या मांडीवर स्पंज केक होता, मध्ये रास्पबेरीचा जॅम. प्रदर्शनातल्या केकच्या स्पर्धेत बाई सलग चौदा वर्षं दुसऱ्या आल्या आणि म्युरिएल क्रॅडक चौदाही वर्षं पहिल्या. सप्टेंबरात बाई लीड्सला भाचीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. म्हणजे हा त्यांचा इथला शेवटचा केक. नियम एकच: अकराच्या ठोक्याला टेबल बंद. या खेपेला बाईंनी जिंकावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तसा ठराव झालेला नव्हता, तरी लिहून ठेवतो.

हॉल सहाशे यार्डांवर असताना समोरून पेटिफरांची गाडी आली. ते आपली बावीस मिनिटं संपवून गावातून निघाले होते.

रोलंड पेटिफरांनी दिवे मारले, म्हणजे 'या'. मी दिवे मारले, म्हणजे 'छे, आपण या'. ते मागे जाऊ लागले. पाहुणा मागे जातोय हे बघून मला लाज वाटली आणि मीही मागे गेलो. दोन गाड्यांमध्ये ऐंशी यार्डांचं अंतर पडलं. मग दोघांनाही एकदम वाटलं की दुसरा आपल्यासाठी थांबलाय, म्हणून दोघेही पुढे आलो. असं चार वेळा झालं.

"ऑस्वल्ड, तो मागे जातोय. घाल गाडी पुढे," बाई म्हणाल्या.

"बाई, पाहुणा आहे तो."

"आणि मी कोण? सामान?"

तोवर पेटिफर स्वतः उतरून माझ्या खिडकीशी आले. "आधी तुम्ही. आम्ही काय, सुट्टीवर. निवांत आहोत," ते घड्याळ बघत म्हणाले.

"असं कसं? तुमची नुसतं बसायची सहा मिनिटं वाया जातील."

"रोलंड, बसलोच आहोत की आपण मघापासून!" मागून त्यांच्या बायकोचा, बेरिलबाईंचा आवाज आला. "पुढच्या गावाची सहा यातच धरून टाक!"

दहा अडतीसला लार्कमबाईंनी दार उघडलं. झुडपांमुळे ते आठच इंच उघडतं, म्हणून आधी केक बाहेर गेला आणि मागून बाई. "दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं, हे मीच शिकवलं रे तुला," त्या म्हणाल्या. "चांगली भोगतेय." आणि चढणीला लागल्या.

बेरिलबाईंनी त्यांचा फोटो काढला ('गावातली खरीखुरी म्हातारी, केकसह'). जरा हसा म्हटल्यावर बाई हसल्या. न हसणं बरं दिसलं नसतं. मग बेरिलबाई म्हणाल्या, "बसा ना गाडीत, हॉलपर्यंत सोडतो." त्यावर बाई काय म्हणाल्या हे मी माझ्या कानांनी ऐकलं. "नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

इकडे आम्ही दोघांनी शेवटी निश्चयाने गाड्या मागे घेतल्या. पेटिफर मागे मागे थेट हॉलपर्यंत गेले, मी मागे मागे थेट बाईंच्या फाटकापर्यंत. मधला दीड मैल रस्ता पूर्ण रिकामा होता. इतकी सभ्यता त्या रस्त्याने कधी पाहिली नसेल.

पुढचं बेरिलबाईंच्या साक्षीवरून. लार्कमबाई दहा सत्तावन्नला हॉलच्या दाराशी पोचल्या. अजून तीन मिनिटं होती! पण बँडवाले सात जण बाहेर यायला निघाले होते. बाईंनी पाठीने दार धरलं. सातांनी सात वेळा आभार मानले, बाईंनी सात वेळा 'त्यात काय एवढं' म्हटलं. सातवा माणूस तुतारी आत विसरला म्हणून परत गेला आणि परत आला. तेवढ्यात म्युरिएल क्रॅडक आपला केक घेऊन आल्या.

"या, आधी तुम्ही," बाई म्हणाल्या.

"अहो नाही, आधी तुम्ही."

"छे हो, तुमच्या हातात केक आहे."

इथे म्युरिएलबाईंनी आणखी दोनदा नको म्हणायला हवं होतं. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. त्या म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या. अकराचे ठोके पडले. (हे 'बरं' आणि मागच्या चौदा वर्षांचे निकाल यांचा काही संबंध आहे का, हे समितीने अद्याप तपासलेलं नाही.)

लार्कमबाईंचा केक 'फक्त पाहण्यासाठी' असलेल्या टेबलावर ठेवण्यात आला. म्युरिएलबाई पंधराव्यांदा पहिल्या. दुपारी बाईंनी आपला केक कापून सगळ्यांना वाटला. परीक्षकांनी एक घास खाल्ला, 'अरेरे, हा तर पहिला आला असता' म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला.

"यंदा दुसरा नंबरही गेला बघ," बाई मला म्हणाल्या आणि हसल्या. सकाळी फोटोसाठी हसल्या होत्या तशाच. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती आणि ती मी तिथल्या तिथे कबूल करणार होतो, पण परीक्षकही आपली चूक कबूल करू पाहत होते, म्हणून आधी त्यांना बोलू दिलं. मग चहा आला आणि ते राहून गेलं.

शेवटी ताटलीत एक तुकडा उरला. पेटिफर म्हणाले, परीक्षकांनी घ्यावा. परीक्षक म्हणाले, ऑस्वल्डने. मी म्हटलं, बाईंनी. बाई म्हणाल्या, पाहुण्यांनी. वीस मिनिटांनी एकमताने असं ठरलं की ज्याने ही हकिकत इथवर वाचली, तो तुकडा त्याचा. तेव्हा वाचकहो, घ्या. संकोच करू नका, तुमच्यासाठीच ठेवलाय.

काय म्हणालात? नको, आधी तुम्ही?

वाटलंच. तुम्ही हे म्हणत होतात तेवढ्यात मागून एक हात आला आणि ताटली रिकामी झाली.

"बरं," म्युरिएलबाई म्हणाल्या.