गावंडे सर बेंझिन कोणाला म्हणतात

गावंडे सर माणसाचं नाव-गाव नंतर सांगत. आधी तो कोणता द्रव आहे ते सांगत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला रुजू झालो, तेव्हा दोन मिनिटं माझी बडबड ऐकून ते हेडक्लार्कला म्हणाले, "हे पाणी हाये. इकून सांगा, तिकून निंगते."

त्यांचं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं होतं: कोणता द्रव किती आवाज पितो? धातूची एक नळी, तळाशी थरथरणारा स्फटिक, वर स्क्रूने सरकणारी चकती. माणसाला ऐकूच न येणारा आवाज द्रवातून वर जातो, चकतीवर आपटून परत येतो आणि मीटरची सुई उडते. चकती वर वर नेली की ती उडी कमी होत जाते. तेवढा आवाज द्रवाने प्यायला. पाणी फारसं पीत नाही, बेंझिन भरपूर पितं. त्यामुळे सगळं पोटात ठेवणारा माणूस म्हणजे बेंझिन. ही पदवी सरांनी आजवर कोणालाच दिली नव्हती, प्राचार्यांना तर नाहीच.

तापमान जरा हललं की आकडे बिघडत. म्हणून मे महिन्यातही प्रयोगशाळेत पंखे बंद, दारं बंद, तोंडं बंद. एकदा नळीभोवतीचं पाणी थंड ठेवायला बर्फ उरला नाही, तर सर गेटवरच्या गोळेवाल्याकडे धावले. "नुसता बर्फ दे बापा, रंग नोको टाकू." मी शिंकलो तरी म्हणत, "रीडिंग गेलं ना राजा!" घरीही हाच कारभार. संध्याकाळी आकडे घेऊन बसत आणि काकू काही बोलल्या की तोंडावर बोट.

मागच्या वर्षी काकूंचे कान पार गेले. मशीनही लागू पडेना. यंदा सर निवृत्त झाले. प्रयोगशाळेची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, रोज येत जा, असा प्राचार्यांचा निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सर नाही म्हणतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ओट्यावर दोघं पाठीला पाठ लावून तुरीच्या शेंगा सोलत होते. सर एकसारखे बोलत होते. चांदूर बाजारचा बाजार, शेजाऱ्याची म्हैस, काय वाट्टेल ते. मी निरोप सांगितला आणि न राहवून विचारलं, "सर, काकूंना ऐकू येत नाही ना?"

"मालूम हाये. तीस वर्सं तिले चूप बसवलं राजा. आता कान गेले तवा मले बोलाचं सुचून राहिलं."

"मग उपयोग काय?"

"आवाज मरत नाई, जिरते. जिरला का ऊब होते. तिच्या पाठीले समजते." मग हळूच म्हणाले, "हे आपलं बेंझिन."

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. पुढे त्यांना बोलवेना.

काकूंनी मागे न वळताच त्यांना कोपराने ढोसलं.

"थांबले काहून? बोला ना!"

सरांनी घसा खाकरला आणि म्हशीपासून पुन्हा सुरुवात केली.