भिंतीवरचा गज

बन्सीमामा लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी कार्यालयाचं फाटक बघतात. वळणावर अंगठा फिरवतात आणि निकाल देतात, "कोपऱ्यात रोडावलंय." गंगापूरला माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी हे थेट मुलीच्या वडिलांना ऐकवलं. ते बिचारे मंगलाष्टकं सोडून फाटक बघायला धावले.

चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत, घरालाच लागून, मामांचं लोहारकामाचं दुकान आहे. वाकताना गज बाहेरच्या अंगानं ताणला जाऊन बारीक होतो. म्हणून मामा आधी तेवढीच जागा लालबुंद करतात, गज उभा आपटून तिथं लोखंड जाड करतात आणि मग ऐरणीच्या निमुळत्या टोकावर हळूहळू वळवतात. "लई ठोकायचं नाय. वळायला वेळ द्यायचा त्याला." गिऱ्हाईक घाई करू लागलं की चहा पाजतात. तरीही बोललं, तर पलीकडच्या मशीनवाल्याकडं धाडतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोला, शेवंतामामींना, अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत चालायची वेळ आली. रोज दुपारी माझ्या ओट्यावर भाजी निवडायला येणारी बाई घरात बसली. काठी आणली, ती बंबात गेली. मामांनी हात धरला तर म्हणाल्या, "मी काय तान्ही हाय व्हय?"

मग एक दिवस मामा माझ्याकडं आले.

"बाई, तुमच्या भिंतीला गज लावू का? गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला."

"नमुना दुकानात ठेवा की."

"दुकानात एवढा कोपरा कुठंय?"

त्यांच्या दारापासून माझ्या ओट्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर असला नमुना कोण लावतं? मी बरं म्हणाले. कोपऱ्यावरचं वळण त्यांनी काढून पुन्हा केलं, कारण तिथं हात सुटत होता. डोळे मिटून, एक पाय ओढत ते स्वतः गल्लीत चालून बघत होते. बायका हसल्या. मामांनी नुसता हातोडा दाखवला.

मामींनी गजाला हात लावला नाही. "कशाला लावलंय ते? कापडं वाळवायला?" एवढंच दारातून विचारलं. मामांना जेवण गोड लागेना.

परवा दुपारी मी मेथी निवडत होते. दुकानातली ठोकाठोक एकदम थांबली. बघते तर मामी, हात गजावर. मी जागची हलले नाही. धावले असते तर त्या परत फिरल्या असत्या. कोपऱ्यावर थांबल्या, हात न सोडता वळल्या आणि ओट्यावर टेकल्या. घाम पुसून त्यांनी मेथीची जुडी ओढली.

"मामांना हाक मारू?"

"नगं. ठोकायचं थांबवून कान लावून बसला असंल तिथं. लाजंल."

मग त्यांनी हातातली पाटली गजावर हलकेच वाजवली. दुकानातली ठोकाठोक पुन्हा सुरू झाली.