मोर-वाघ खुर्चीची हकीकत

॥ श्री ॥ ज्याचे कृपेने हातची रेघ सरळ जाते त्या गजाननास नमन, आणि ज्यांची जन्मभर वाकडीच गेली त्यांसही नमन, कारण प्रस्तुत लेखक त्यांतलाच. शके सतराशे एकवीस, सिद्धार्थी नाम संवत्सरी, एके राज्यी सर्व सुखरूप होते आणि कोणास काही उद्योग नव्हता, सबब सारा दरबार रसिक जाहला. तेथे धोंडो विश्वंभर म्हणोन चित्रशाळेचे कारभारी, त्यांस सारे पंत म्हणत. त्यांस महाराजांचे आजोबांचे वेळचे कागद सापडले. कोण्या कारागिराने हाताने रेखिलेले पलंग, देव्हारे, खुर्च्या, आणि त्यांवर वेलबुट्टी ऐसी नाजूक की बोट लावावयास भय वाटावे. त्यांत एक खुर्ची पाहोन पंतांचे डोळे भरून आले. उजवे अंगी मोर आणि उंच बैठक, डावे अंगी वाघ आणि सखल बैठक, पाठही मध्यापासोन निराळी. पंतांस ती मनापासोन आवडली, परंतु नुसते 'आवडली' म्हणणे कारभाऱ्यास शोभेना. मग पंतांनी भर दरबारी टीका वाचिली की, मोर ही विद्या, वाघ हे शौर्य, आणि मधली पायरी ती माया. दरबार डोलला आणि आम्हीही डोललो. कळले काही नाही, परंतु मान रिकामीच होती.

इतक्यात महाराजांच्या कन्येचे, ताईसाहेबांचे, सोयरिकीचे बोलणे निघाले आणि वरमाई स्वतः मुलगी पाहावयास येणार ऐसे ठरले. ताईसाहेबांचे मन त्या स्थळी जडले होते हे सर्वांस ठाऊक. महाराज बोलिले, "पंत, वरमाईंस बसावयास तीच खुर्ची करवा. आणि खबरदार, कागदाबाहेर एक रेघ जाता नये!" मग पंत स्वतः सुतारांपाशी उभे राहिले आणि चढ-उतार सुतळीने मापून घेतला आणि खुर्ची हुबेहूब उतरली म्हणोन पेढे वाटिले.

वरमाई आल्या, कौतुकाने मोराकडे बसल्या, आणि हळूहळू वाघाकडे घसरू लागल्या. सावरल्या, पुन्हा घसरल्या. मग म्हणाल्या, "अहो पंत, आमच्या माहेरी कारागीर असाच कागद आणतो. एका खुर्चीचे दोन बेत, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. धन्यानं त्यांतला एक पसंत करायचा असतो. तुम्ही दोन्ही करवलेत?"

महाराजांचा चेहरा लाल जाहला आणि ताईसाहेबांचा पांढरा. वरमाई म्हणाल्या, "बरं, आता सांगा. कोणती बाजू ठेवायची? दुसरी आत्ताच कापवू."

पंतांनी विद्या आठविली, शौर्य आठविले, माया आठविली, एकही कामास येईना. मोराची मान पाहिली, वाघाचा पंजा पाहिला, आणि बोलिले, "बाईसाहेब, दोन्ही सुंदर आहेत हो. माझ्यानं एकही टाकवत नाही."

त्या खुर्चीविषयी दरबारी जाहलेले हे पहिलेच खरे बोलणे. वरमाई ऐशा हसल्या की वाघावरून थेट खाली आल्या, आणि ताईसाहेबांनी धावोन हात दिला, आणि तो हात वरमाईंनी पुढे सोडिलाच नाही.

तात्पर्य, सोयरीक जाहली, आणि टीका रद्दीत गेली. खुर्चीवर पुन्हा कोणी बसले नाही. पंत मात्र नित्य जाऊन तिजपुढे उभे राहात, आणि काही एक बोलत नसत. हकीकत इतकीच.